खंड्याची पालखी

साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे दीड कोसावर, जेथे वेण्णा आपले नाव टाकून कृष्णेत मिळते, तेथे नदीच्या दोन्ही तीरांवर माहुली वसलेली आहे. एका तीरावर संगम माहुली आणि दुसऱ्या तीरावर क्षेत्र माहुली. पेशवाईतील निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव, आणि सातारच्या राजघराण्यातील कित्येकांच्या देहाची राख याच प्रवाहात मिसळलेली. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेल्या विश्वेश्वराच्या देवळावरून घाटाकडे उतरू लागले म्हणजे लहानमोठ्या समाध्या दृष्टीस पडतात, आणि त्यांच्यामध्येच एका चौथऱ्यावर दगडात घडविलेला एक कुत्रा दिसतो. कोणा वाटसरूने विचारले तर गावकरी सांगतात, हा खंड्या. थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. सांगणाऱ्याच्या स्वरात आश्चर्य नसते. राजाची समाधी आहे, राणीची आहे, तशी ही त्याची आहे, एवढेच.

कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. महाराज शिकारीस गेले असता वाघाने झडप घातली आणि या कुत्र्यामुळे त्यांचे प्राण वाचले. त्या उपकाराची फेड म्हणून महाराजांनी कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद दिली, त्याला पालखीचा मान दिला आणि तो मेल्यावर संगमावर त्याची समाधी बांधली. ही केवळ घाटावरची दंतकथा असती तर तिच्यासाठी इतका मजकूर खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु जेम्स ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात कुत्र्याची सनद, त्याची पालखी आणि त्या पालखीसाठी दरबाराने खरोखरीच ठेवलेला लवाजमा यांची नोंद केलेली आहे. तिच्याच शेजारी त्याने आणखी एक प्रसंग टिपला आहे. भरदरबारात मराठे सरदारांची भेट घ्यावयाची असताना महाराजांनी आपल्या आवडत्या कुत्र्याला जरीचा पोशाख व जवाहीर घातले आणि आपल्या मस्तकावरची पगडी त्याच्या मस्तकावर ठेवली. पुढे चित्त ठिकाणावर आल्यावरही त्यांनी स्वतःच्या मस्तकावर पुन्हा काही धारण केले नाही.

ग्रँट डफ हा मराठेशाहीच्या अस्तानंतर साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून राहिलेला मनुष्य. प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवून राज्याची घडी लावण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि त्या निमित्ताने जुनी दफ्तरे आणि दरबारच्या आठवणी बाळगून असलेली वृद्ध माणसे ही दोन्ही त्याच्या हाती आली. त्याच्या परिश्रमाबद्दल मनात आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, माणसाच्या मनाकडे पाहताना त्याची दृष्टी लष्करी अधिकाऱ्याची होती. खंड्याची हकीकत त्याने राजाच्या लहरी आणि बुद्धिभ्रंश या सदरात घातली आणि तो पुढे गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६७ च्या सुमारास पुण्यात त्याच्या इतिहासाची परखड चिकित्सा केली आणि मराठी इतिहाससंशोधनाची वाट उघडली. पुढे त्या वाटेने मोठमोठी माणसे गेली, मराठ्यांच्या राज्यनीतीवर ग्रँट डफने घेतलेल्या अनेक आक्षेपांना उत्तरे मिळाली. पण कुत्र्याच्या पालखीला उत्तर द्यावे असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. ज्यांना महाराजांचा अभिमान होता त्यांनी तो विषय टाळला, आणि ज्यांना नव्हता त्यांनी तो राजाच्या दुर्बलतेचा दाखला म्हणून वापरला. मला मात्र वाटते की ती पालखी शाहू महाराजांच्या चरित्रातील अत्यंत समंजस गोष्टींपैकी एक आहे, आणि ती तशी का वाटते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आपल्याकडे कुत्र्याचे स्थान नेहमीच उंबरठ्यावरचे राहिले. सोवळ्याओवळ्याच्या व्यवस्थेत तो अस्पर्श्य. स्वयंपाकघरात शिरला तर अन्न टाकून द्यावयाचे. पण त्याच समाजाने दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे बसवले आणि त्यांना चार वेद म्हटले; काळभैरवाला तो वाहन म्हणून दिला; पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज घरोघर मुलांना सांगितले. महाप्रस्थानाच्या वाटेवर भार्या आणि भाऊ एकामागून एक गळून पडल्यावर धर्मराजाच्या मागे जो उरला तो कुत्राच, आणि त्याला टाकून स्वर्गाच्या रथात पाय ठेवावयास युधिष्ठिर तयार झाला नाही. जेजुरीच्या खंडोबाच्या सोबत तर कुत्रा असतोच. त्याचे वाघ्ये कोटंब्यातले अन्न कुत्र्यासारखे भुंकत खातात, आणि त्यात त्यांना हीनता वाटत नाही, कारण धन्याशी असलेले नाते सांगण्यास त्यांना याहून नेमकी कृती सापडलेली नाही. खंड्या हे नावही खंडेरायावरूनच पडले असावे असा माझा तर्क आहे. देवाचे नाव कुत्र्याला देण्यात ज्या मुलखाला संकोच वाटत नाही, त्या मुलखात त्याला पालखी मिळाली यात फारसे नवल नाही.

राजवाड्यात मात्र कुत्र्याची जागा ठरलेली होती. अठरा कारखान्यांच्या यादीत पीलखाना, जामदारखाना, फरासखाना यांच्या पंक्तीला शिकारखाना येतो, आणि कुत्रे, चित्ते, बहिरी ससाणे ही सर्व त्याची मालमत्ता. दख्खनच्या शिकारी कुत्र्याची आकृती ज्यांनी पाहिली असेल त्यांच्या डोळ्यांपुढे ती लगेच उभी राहील: लांबट निमुळते मुख, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय, आणि स्वस्थ बसला असतानाही दूरच्या क्षितिजावर खिळलेली नजर. हाच वंश पुढे मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासला, त्यातली जोडी इंग्लंडच्या बादशहास नजर केली, आणि त्यामुळे तो मुधोळ कुत्रा म्हणून ख्यात झाला. मराठी मुलखात त्याला कारवानी म्हणतात. खंड्या नेमका या जातीचा होता असे मी म्हणणार नाही. पण साताऱ्याच्या शिकारखान्यातला कुत्रा कसा दिसत असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. महाराजांना घोडे, कुत्रे, पक्षी, फळझाडे यांचा विलक्षण नाद होता, आणि राजकारणाच्या कागदांमधूनही तो डोकावत राहतो. तरीही शिकारखान्यातला एक कुत्रा कारखान्याची मालमत्ता न राहता दरबारचा मानकरी होतो, याचा अर्थ तो शिकारीपलीकडचे काही काम करीत होता.

ते काम कोणते, हे समजून घेण्यासाठी महाराजांच्या बाळपणाकडे जावे लागते. १६८२ साली माणगावजवळ गांगवली येथे त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी वडील, छत्रपती संभाजी महाराज, औरंगजेबाच्या आज्ञेने मारले गेले, आणि त्याच वर्षी, १६८९ त, रायगड पडून हे मूल आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत सापडले. पुढची सुमारे अठरा वर्षे त्यांनी बादशहाच्या छावणीत काढली. कागदोपत्री राजा हा किताब आणि सात हजारांची मन्सब. वस्तुतः गुलालबाराच्या, म्हणजे बादशाही डेऱ्यांच्या आवाराच्या, आसऱ्याला दिलेला डेरा आणि चहूकडे पहारा. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा बेगम हिने या मुलावर माया केली, ही त्या काळोखातली एक पणती. परंतु १७०० साली धर्मांतराचा प्रसंग आला तेव्हा प्रतापराव गुजरांच्या मुलाने ते संकट आपल्या अंगावर घेतले म्हणून शाहूराजे वाचले, हेही विसरता येत नाही. बापाला मारणाऱ्याच्या तळावर वाढणाऱ्या मुलाला कोणते शिक्षण मिळाले असेल? राग आला तरी तो डोळ्यांत दिसू नये, भीती वाटली तरी आवाज कापू नये, आनंद झाला तर तो कोणाला तरी खुपेल म्हणून गिळून टाकावा, आणि रडावयाचे ते कनातीकडे तोंड करून. मनातले मनातच ठेवण्याची अशी तालीम अठरा वर्षे घेतलेला पुरुष सुटून आला म्हणून मनाने सुटत नाही.

१७०७ च्या वसंतात औरंगजेब वारला आणि आझमशहाने त्यांना जाऊ दिले. आई मात्र ओलीस म्हणून मागे राहिली आणि तिची भेट व्हावयास १७१९ साल उजाडावे लागले. दक्षिणेकडे येताना वाटेत महाराज खुल्दाबादेस औरंगजेबाच्या कबरीच्या दर्शनाला गेले. ज्याने बाप मारला आणि ज्याच्या छायेत आपण वाढलो, अशा पुरुषाच्या कबरीपुढे उभ्या असलेल्या पंचविशीच्या तरुणाच्या मनात काय चालले असेल, ते सांगण्यास आपल्याजवळ शब्द नाहीत, त्याच्याजवळही नसावेत. याच प्रवासात पारद या गावी लढाई झाली. गावचा पाटील लोखंडे तीत पडला, आणि त्याच्या विधवेने आपले लहान मूल आणून महाराजांच्या पालखीत टाकले व अभय मागितले. महाराजांनी ते मूल उचलले, लढाईत यश आले म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, पुत्राप्रमाणे वाढवले. अक्कलकोटचे भोसले घराणे त्याच्यापासून चालले. ही गोष्ट मी येथे मुद्दाम सांगतो. खंड्याच्या पालखीचा विचार करताना ही पहिली पालखी विसरता कामा नये. आपल्या पालखीत जे निराधार येऊन पडेल ते खाली टाकावयाचे नाही, हा या राजाचा स्वभाव होता, आणि तो राज्य मिळण्यापूर्वीच सिद्ध झालेला होता.

१७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. पण राजाच्या मनाला स्वास्थ्य कोठून? एकीकडे चुलती ताराबाईंचे वैर, दुसरीकडे कोल्हापूरची दुसरी गादी; दरबारात पेशवे आणि प्रतिनिधी यांची चुरस; अंतःपुरात सकवारबाई आणि सगुणाबाई यांची न संपणारी तेढ; आणि या सर्वांमध्ये निवाडा देणारा एकच पुरुष, ज्याच्या भुवईच्या हालचालीवरून वकील आपल्या धन्यांस पत्रे लिहीत. राजाची मुद्रा हीदेखील एक सरकारी दस्तऐवज असते. त्याने सकाळी कपाळाला आठी घातली तर संध्याकाळपर्यंत तिचे दहा अर्थ दहा गावी पोहोचतात. ज्याच्याशी बोलावे तो कोणत्या ना कोणत्या पक्षाचा, ज्याच्यापाशी रडावे त्याची काही ना काही मागणी. मोकळेपणाने रागावण्याची जागाही उरत नाही.

येथे कागद संपतात. पुढचे मी कल्पनेने पाहतो, आणि ते कल्पना म्हणूनच वाचकांनी घ्यावे.

रंगमहालात महाराज बसले आहेत. अंतःपुरातून एक निरोप आला आहे, त्याच्या पाठोपाठ त्याच्या विरुद्ध दुसरा. चिटणीस हातात कागद घेऊन उभे आहेत आणि महाराजांच्या गळ्यापर्यंत संताप आला आहे. बोलले तर शब्द निघून जाईल, आणि राजाचा शब्द निघाला म्हणजे तो हुकूम होतो. अशा वेळी खंड्या बिछायतीच्या कडेवरून उठतो, जवळ येतो आणि आपली हनुवटी महाराजांच्या गुडघ्यावर ठेवतो. सल्ला देत नाही, बाजू घेत नाही, केवळ भार ठेवतो. महाराजांचा हात आपोआप त्याच्या मानेवर जातो, बोटे त्या आखूड उबदार केसांतून फिरतात, कुत्र्याचा श्वास संथ चालला आहे असे हाताला कळते, आणि हळूहळू त्यांचाही श्वास त्या लयीला मिळतो. चिटणिसांना उत्तर मिळते, ‘उदईक पाहू.’ त्या एका रात्रीच्या अवकाशात किती घरे वाचली असतील याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही.

किंवा मध्यरात्र आहे. ज्याचे बाळपण परक्या छावणीत गेले त्याची झोप सावध असते. दूर कोठे घोडा खिंकाळला, पहारेकऱ्याचा भाला भिंतीला लागून वाजला, की छातीत धडधड सुरू होते आणि आपण साताऱ्यात आहो की गुलालबारात, हे क्षणभर कळत नाही. समईच्या मंद उजेडात महाराज पायाशी निजलेल्या कुत्र्याच्या कानांकडे पाहतात. कान ताठ नाहीत. शेपटी निश्चल आहे. तेव्हा बाहेर काही नाही. भीती खरी की खोटी हे ठरविण्याचे काम जन्मभर ज्या एकट्या मनाने केले, ते आता दुसऱ्या एका सजग प्राण्यावर सोपवता येते, आणि ते सोपवल्यावर डोळा लागतो. वाघाच्या तोंडून वाचविणे हे एका दिवसाचे काम होते. हे मात्र रोजचे होते, आणि मला वाटते, सनद लिहिताना महाराजांच्या मनात वाघाबरोबर या रात्रीही होत्या.

आता त्या सनदेचा विचार करू. अठराव्या शतकात सनद हा आभाराचा कागद नव्हता. सनद झाली म्हणजे उत्पन्न लागते, आणि ते ज्याच्या नावे लागते त्याची नोंद दफ्तरात कायम होते. पालखीचा मान तर त्याहून मोठा. पालखीत बसण्याचा अधिकार हा दरबारातल्या श्रेष्ठ पुरुषांचा, आणि तो मिळाला म्हणजे भोई आले, त्यांची नेमणूक आली, मशालजी आले, या सर्वांचा खर्च चालविण्याची तजवीज आली. ग्रँट डफ सांगतो की हे सर्व पाळले गेले, कारभाऱ्यांनी राजाची मर्जी सांभाळली. मला यातले शिस्तीचे अंग महत्त्वाचे वाटते. प्रेमाच्या भरात मनुष्य कुत्र्याला गोंजारतो, घास भरवतो, आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. महाराजांनी आपली कृतज्ञता अशा जागी ठेवली की जेथे ती विसरता येऊ नये. साताऱ्यात त्यांच्यापाशी जो येई तो सनद मागावयास येई. वतनाचा, इनामाचा, सरदेशमुखीचा, कशाचा ना कशाचा कागद त्याला हवा असे. ज्याने आयुष्यात कोणताच कागद मागितला नाही, असा एकच जीव त्या वाड्यात होता, आणि महाराजांनी त्याला सनद दिली.

राहिला पगडीचा प्रसंग. त्याला भ्रम म्हणावयाचे असेल तर मी भांडणार नाही; महाराजांचे मन उत्तरवयात खचलेले होते हे खरेच. १७४० हे वर्षच असे आले की एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव गेले, वर्ष संपता संपता चिमाजीअप्पा गेले, आणि त्याच डिसेंबरात महाराजांची अत्यंत जिवाभावाची विरूबाई गेली. १७४८ त सगुणाबाई गेल्या. पोटी पुत्र उरला नव्हता. पण भ्रमातही मनुष्य जे करतो त्याला त्याच्या आयुष्याचा आकार असतो. दुसऱ्या कोणी भ्रमात दागिने फेकले असते, चाकरांवर तलवार उपसली असती. या राजाने भ्रमात आपली पगडी उतरवली आणि ती, जो कोणाचाच शत्रू नव्हता, अशा एकाच्या मस्तकावर ठेवली. बाळपणापासून ज्या मुकुटाने बाप नेला, आई अडकवली, भाऊबंद वैरी केले, तो मुकुट वागविण्यास त्यांना आपल्या दरबारात खंड्याइतका निरपेक्ष कोणी दिसला नसेल, असे म्हणण्यात मी राजाची अवहेलना करीत नाही. त्या सरदारांच्या चेहऱ्यांची मी कधी कधी कल्पना करतो. त्यांनी मुजरा केला असेल काय? केला असावा असे मला वाटते, आणि त्यातल्या एखाद्या वृद्धाच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी आले असेल.

कुत्र्याच्या ऋणाची अशी सरकारी नोंद दख्खनमध्ये नवी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. कर्नाटकात आतकूर येथे सापडलेली एक शिळा आता बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. वेरूळचे कैलास ज्या घराण्याने खोदविले त्या राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण याने ९४९ च्या सुमारास तक्कोलमच्या रणात चोळांचा पराभव केला; त्याचा साहाय्यक गंग राजा बूतुग याने आपल्या मणलेर नावाच्या शूर योद्ध्याला, हवे ते माग, म्हणून सांगितले. मणलेराने गाव मागितले नाही. बूतुगापाशी काळी नावाचा एक कुत्रा होता, तो मागितला. पुढे एका दांडग्या रानडुकराशी झुंजताना कुत्रा आणि डुक्कर दोघेही मेले. तेव्हा देवळासमोर शिळा उभारून, तिच्यावर ती झुंज कोरून, काळीच्या नावे जमीन तोडून दिली, आणि पुजाऱ्याने या शिळेची पूजा केल्यावाचून अन्न घेतले तर त्याला त्या कुत्र्याच्या हत्येचे पाप लागेल असे बजावून ठेवले. मणलेराने काळी का मागितला हे शिळा सांगत नाही. मोठ्या रणातून परतलेल्या योद्ध्याला गावाच्या उत्पन्नापेक्षा कुत्र्याची सोबत अधिक हवीशी वाटली, एवढे मात्र हजार वर्षांपलीकडूनही स्पष्ट ऐकू येते.

रायगडावरच्या वाघ्याबद्दल येथे न बोलणे बरे दिसणार नाही. शिवछत्रपतींच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर बसलेला तो कुत्रा महाराष्ट्राच्या घराघरात माहीत आहे. स्वामीच्या चितेत त्याने उडी घेतली अशी कथा आहे. त्या कथेला समकालीन कागदाचा आधार मिळालेला नाही, स्मारकही विसाव्या शतकात होळकरांच्या साहाय्याने उभे राहिलेले, आणि त्यावरून कटुता बरीच झाली. पुढे तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला. त्या वादात मला शिरावयाचे नाही. पण ज्या साताऱ्याच्या गादीने खरोखर एका कुत्र्याला समाधी दिली, तिच्या आठवणी लोकांच्या तोंडून फिरत फिरत आजोबांच्या नावावर चढल्या असाव्यात, असे माझे अनुमान आहे. लोकमानसाला राजा आणि कुत्रा ही जोडी हवी होती. इतिहासाने ती नातवापाशी दिली होती, लोकांनी ती आजोबांपाशी नेऊन ठेवली.

आणि ही जवळीक केवळ राजेरजवाड्यांची नव्हती. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारी हुकुमाने मोकाट कुत्रे मारण्याचे सत्र सुरू झाले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर जमातींचे लोकही सामील झाले, दुकाने बंद पडली आणि दंगल मोडावयास लष्कर आणावे लागले. ज्या धर्मात मृताच्या अंतिम दर्शनास कुत्र्याला आणावे लागते, ज्यांच्या शोकाच्या घरात सर्वांत आधी कुत्र्याच्या नजरेची गरज लागते, त्यांना तो हुकूम आपल्या अंतःकरणावरच निघाल्यासारखा वाटला असल्यास नवल नाही.

पाश्चात्त्य विद्वानांनी ही गोष्ट आपल्या पद्धतीने शोधून काढली ती पुष्कळ उशिरा. न्यूयॉर्कमधील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या दालनात एक अबोल मूल ठरल्या वेळेआधी आले आणि तेथे योगायोगाने बसलेल्या त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खेळू लागले. त्यावरून १९६० नंतरच्या काळात त्यांनी कुत्र्याला उपचारातला सहकारी म्हणून मांडले, तेव्हा त्यांच्या समव्यवसायी मंडळींनी त्यांची चेष्टा केली. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले म्हणजे दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, तेच द्रव्य जे आई आणि तान्हे मूल यांच्या दृष्टिभेटीत वाढते. या शोधांबद्दल मला आदर आहे. पण माझ्या लहानपणी, आजोबा गेल्यानंतर, आजी रोज तिन्हीसांजेला ओट्यावर बसून आमच्या लंगड्या मोत्याशी हलक्या आवाजात बोलत असे. घरात मुले, सुना, नातवंडे सर्व असून ती आमच्यापाशी आजोबांचे नाव काढीत नसे, मोत्यापाशी काढी. तो पुढचे दोन पाय पसरून तिच्याकडे पाहत राही. दिवा लावावयाची वेळ झाली म्हणजे ती पदराने डोळे पुसून उठे, आणि देवापुढे तिचा आवाज नेहमीसारखा स्थिर लागे. मी जेव्हा पहिल्यांदा माहुलीस गेलो आणि तो दगडी कुत्रा पाहिला, तेव्हा मला शाहू महाराजांच्या आधी आजी आठवली.

महाराज १७४९ च्या डिसेंबरात साताऱ्यास वारले. सकवारबाई सती गेल्या. राज्याची सूत्रे पुण्याकडे गेली, साताऱ्याच्या शिकारखान्यातले कुत्रे आणि ससाणे कोठे पांगले ते कोणी लिहून ठेवले नाही, खंड्याच्या पालखीचे भोईही कुठल्या तरी दुसऱ्या चाकरीस लागले असतील. संगमावर महाराजांची समाधी पुरांच्या गाळात पुनःपुन्हा बुडत राहिली. पावसाळ्यात वेण्णेचे तांबडे पाणी कृष्णेत शिरते तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. गुराखी आपली गुरे वरच्या अंगाला घेतात, आणि त्यांच्याबरोबर आलेले गावातले एखाददुसरे कुत्रे खंड्याच्या चौथऱ्याच्या आडोशाला पाऊस उघडेपर्यंत अंग चोरून बसते.